गोळी वेळेवर द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला कंपवातावरचा (पार्किन्सन्सवरचा) लेख वाचला. व्यायाम करा, मन प्रसन्न ठेवा, घरच्यांनी धीर द्या. हे आम्ही करतोच आहोत. पण हाच पेशंट दुसऱ्या कारणाने रुग्णालयात दाखल झाला की त्याचे जे हाल होतात, त्यावर लेखात एक ओळ नसावी?

गेल्या पावसाळ्यात हे घरात पडले, खुब्याचं हाड मोडलं. यांची लेव्होडोपाची गोळी, म्हणजे कंपवातात मेंदूत कमी पडणारं डोपामाइन भरून काढणारी, घड्याळ लावून द्यावी लागते, तीही जेवणाआधी अर्धा तास, कारण डाळ-दुधातली प्रथिनं तिच्या आड येतात. रुग्णालयात शिरताच गोळ्यांचा डबा काढून घेतला. नियम आहे म्हणाले. औषधांची ट्रॉली येणार सकाळी, दुपारी, रात्री, आणि तीसुद्धा जेवणं झाल्यावर. ऑपरेशनच्या दिवशी उपाशी ठेवायचं म्हणून सकाळची गोळीही दिली नाही. घोटभर पाण्याबरोबर ती बहुधा देता येते. भूलतज्ज्ञांना विचारा म्हणून मी विनवलं, कुणी विचारलं नाही. संध्याकाळी यांना कूस वळवता येईना, पाणी गिळता येईना. त्यावर सिस्टर म्हणतात, "आजोबा अजिबात सहकार्य करत नाहीत." शरीर स्वतःच्या ताब्यातच नसेल तर माणूस सहकार्य करणार कसं?

रात्री उलटी झाली म्हणून मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन भरून आणलं. हे औषध मेंदूतल्या डोपामाइनचंच काम अडवतं, कंपवातात ते टाळायचं असतं. आमच्या न्यूरोलॉजिस्टनी कागदावर लिहून दिलं होतं, म्हणून मी आडवी आले. ज्यांच्या उशाशी कुणीच नसतं त्यांचं काय होत असेल? पेशंट बरळायला लागला की देतात ते हॅलोपेरिडॉलही त्याच जातीचं.

ब्रिटनमध्ये कंपवाताच्या रुग्णसंघटनेने २००६ पासून गोळी वेळेवर मिळावी या एका मागणीसाठी मोहीम चालवली आहे. ठरल्या वेळेच्या अर्ध्या तासाच्या आत लेव्होडोपा मिळावी, असं उपचारांचे निकष ठरवणाऱ्या तिथल्या 'नाइस' संस्थेचं २०१८ चं मानकच आहे. आपल्याकडे निदान केसपेपरवर लाल शाईने गोळीच्या वेळा आणि चालत नसलेली औषधं लिहा, नाहीतर डबा नातेवाइकांकडे राहू द्या.

आणखी एक. लेखासोबत थरथरत्या हाताचाच फोटो का? यांचा हात कधीच थरथरला नाही, अंग आखडतं. कंप नाही म्हणून आमचं निदान किती तरी दिवस रखडलं. पुढच्या लेखात एवढं तरी छापा.

कंपवातग्रस्ताची पत्नी, सांगली