ताईंच्या स्पेक्ट्रोस्कोपीबद्दल

धंतोली, नागपूर

प्रिय विन्या,

ताईंच्या एमआरआयचे फोटो पाहिले. ‘स्पेक्ट्रोस्कोपी सांगितली म्हणजे कॅन्सरच ना?’ असं विचारतोस. नाही बे, तसं काहीच ठरलेलं नाही. कडेनं चमकणारी गाठ टीबीची असते, पुवाची असते, फिताकृमीच्या अळीची असते, ट्यूमरचीही असते. नुसत्या फोटोवर त्या कधीकधी सारख्याच दिसतात, म्हणून ही तपासणी.

मशीन तेच. फक्त चित्राऐवजी गाठीतल्या एका लहानशा चौकोनातल्या रसायनांचा आलेख निघतो. निरोगी मेंदूत २.०२ पीपीएमवर (आलेखाच्या आडव्या रेषेवरचं माप, प्रत्येक रसायनाची जागा ठरलेली) एनएए नावाच्या रसायनाचं टोक सगळ्यात उंच; ते चेतापेशींचं. ३.२ वर कोलीन, ते पेशींच्या आवरणाचं. ट्यूमरच्या पेशी भराभर वाढतात, म्हणून कोलीन चढतं आणि एनएए घसरतं. टीबीच्या गाठीत १.३ च्या आसपास चरबीचं जाडजूड टोक येतं. त्या जंतूचं आवरणच मेणचट. पू असेल तर ०.९ वर अमिनो आम्लं दिसतात, टीबीत ती सहसा नसतात. लॅक्टेट नावाचं रसायनही १.३३ वरच, चरबीत लपलेलं. मग इको टाइम, म्हणजे मशीन सिग्नल टिपायला थांबतं तो वेळ, १४४ मिलिसेकंद ठेवून पुन्हा बघतात, तेव्हा लॅक्टेट उलटं होऊन रेषेखाली येतं. मेडिकलला शिकताना मला हे सगळ्यात आवडायचं!

पण आलेखावर भाळू नकोस. कोलीन टीबीच्या गाठीतही वाढलेलं सापडतं, आणि आतून सडलेल्या ट्यूमरमध्येही चरबी दिसते. चौकोन कवटीला खेटून ठेवला, तर टाळूच्या कातडीखालची चरबी आलेखात घुसते आणि टीबीचा भास होतो. म्हणून रिपोर्टसोबत चौकोन नेमका कुठं ठेवला होता तो फोटो मागून घे. माझ्या मते नुसत्या आकड्यांपेक्षा तो जास्त कामाचा. डिफ्युजन (गाठीतलं पाणी किती मोकळं हलतं ते दाखवणारे एमआरआयचेच फोटो), छातीचा एक्स-रे आणि हे सगळं न्यूरोसर्जननं एकत्र बघावं. तरी शंका उरली तर बायोप्सी लागेल, त्याला घाबरू नका.

गोंदियाहून आदल्या दिवशीच या, आमच्याकडेच उतरा. मंगळसूत्र, जोडवी, पिना घरीच काढून ठेवायला सांग. आत डोकं अजिबात हलवायचं नाही, हे ताईंना आधीच समजाव. हललं की आलेख बिघडतो. आणि फिटची गोळी त्या दिवशीही चुकवायची नाही.

गाडी कळव, स्टेशनवर येतो.

तुझा,
प्रशांत