कॅराव्हॅनमधली थंडी : आधी प्लग, मग गॅस

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

वेण्णा लेकच्या काठी दवबिंदू गोठल्याचे फोटो दर हिवाळ्यात छापून येतात आणि पसरणी घाटात गाड्यांची रांग लागते. या रांगेत कॅराव्हॅन, म्हणजे आत झोपण्या-राहण्याची सोय असलेल्या गाड्याही असतात. राज्याने २०२१ मध्ये त्यांच्यासाठी पर्यटन धोरणही आणले. गाडीत एसी असतो, टीव्ही असतो. पहाटे चारला पारा पाच-सहा अंशांवर आला की काय करायचे, हे मात्र किल्ली देताना कोणी सांगत नाही. मग स्वयंपाकाची शेगडी बारीक करून तशीच ठेवली जाते आणि खिडक्या घट्ट लावून मंडळी झोपतात. याहून घातक उपाय एकच, तो म्हणजे कोळशाची शेगडी आत घेणे.

आधी हिशेब. ट्रॅव्हलर मिनीबसएवढ्या गाडीचे छत, भिंती आणि तळ मिळून साधारण ३५ चौरस मीटर पृष्ठभाग होतो. बाहेर ६ आणि आत १८ अंश ठेवायचे म्हटले, तर नुसत्या पत्र्यातून दोन हजार वॉटच्या वर उष्णता निघून जाते. पत्र्याला आतून २५-३० मिलिमीटर फोम असेल, तर हाच आकडा सहाशे-सातशे वॉटवर येतो. म्हणजे महाबळेश्वर-पाचगणीच्या थंडीला इन्सुलेशन असलेल्या गाडीत हजार वॉटचा ऑइल हीटर (तेल भरलेला विजेचा हीटर) पुरतो. हिमालयासाठी लिहिलेले सल्ले इथे लावू नयेत. समोरची काच उघडी राहिली, तर मात्र निम्मी मेहनत वाया. तिथे जाड पडदा लावा; माणदेशी घोंगडी त्याहून सरस.

प्लग मिळत असेल, तर विजेचाच हीटर वापरावा. धूर नाही, ओल नाही, रात्रभर थर्मोस्टॅटवर चालला तरी वीज ८ युनिटच्या आतच. अडचण असते ती वायरिंगची. दोन हजार वॉटचा हीटर २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर ओढतो. मोबाईल चार्जिंगच्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर तो लावला की आधी प्लगच्या पिना तापतात, मग प्लास्टिक पिवळे पडते, मग वास येतो. त्यापुढचे सांगायला नको. १६ अँपिअरचा सॉकेट आणि २.५ चौरस मिलिमीटरची तीन तारांची तांब्याची केबल, याखाली तडजोड नाही.

एक्स्टेन्शनचे रीळ हा दुसरा सापळा. बाजारात सहज मिळणारी ०.७५ चौरस मिलिमीटरची २० मीटर वायर घेतली, तर दोन हजार वॉटच्या हीटरला त्या वायरमध्येच सुमारे ७५ वॉट उष्णता तयार होते. वायर पसरलेली असेल तर ती हवेत जिरते, पण रिळावर गुंडाळलेली असेल तर आतले वेढे वितळतात. म्हणून वायर जाड असो वा बारीक, रीळ पूर्ण उलगडून टाका.

अर्थिंगकडे कोणी पाहत नाही, आणि गाडी तर लोखंडाची. आतल्या हीटरची एक तार बॉडीला लागली की अख्खी गाडी करंट मारते. खाली ओल्या मातीत उभ्या असलेल्या माणसाला तो झटका जीवघेणा ठरू शकतो. त्यामुळे गाडीच्या आत शिरताच १६ अँपिअरचा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच) हवा. आधी केबलचे टोक गाडीला जोडावे, मग भिंतीच्या प्लगमध्ये घालावे, आणि आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबून तो पडतो का ते पाहावे. नंतर बॉडीला टेस्टर लावा. दिवा लागला तर प्लग काढा, हात नंतर लावा. आणखी एक. तापोळा-बामणोलीकडे रात्री व्होल्टेज २०० वर उतरले, तर दोन हजारांचा हीटर दीड हजारच देतो. तो बिघडलेला नसतो.

बॅटरीवर हीटर चालवायचा विचार सोडून द्यावा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या लेड अॅसिड बॅटरीतून बॅटरी न मारता साधारण ९०० वॉट-तास मिळतात. इन्व्हर्टरमार्फत हजार वॉटचा हीटर लावला, तर पाऊण तासात खेळ खलास. त्या बॅटरीवर ६०-७० वॉटचे अंथरुणातले ब्लँकेट मात्र रात्रभर चालते. खोली नाही, अंथरूण गरम करा. दोन लिटर गरम पाण्याची रबरी पिशवी तर फुकटातच पडते.

आता गॅस. प्लग नसेल तिथे गॅसला पर्याय कमी, पण हीटर बंद ज्वलनकक्षाचा हवा. म्हणजे ज्वलनाची हवा बाहेरून येते, धूर बाहेरच जातो आणि आत येते ती फक्त पत्र्यावरून तापलेली हवा. परदेशी गाड्यांत ट्रुमासारख्या कंपन्यांचे हीटर असतात ते याच पद्धतीचे. उघड्या ज्योतीचा किंवा लाल जाळीचा हीटर झोपण्याच्या गाडीत नकोच. एक किलो गॅस जळायला सुमारे १२-१३ घनमीटर हवेतला प्राणवायू लागतो आणि ट्रॅव्हलरच्या पोटात हवाच जेमतेम तेवढी असते. प्राणवायू कमी पडू लागला की ज्योत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू सोडते. त्याला रंग नाही, वास नाही. डोके जड होते, मळमळते, आणि माणसाला वाटते घाट लागला. वर किलोमागे दीड लिटर पाण्याची वाफ होते, म्हणून सकाळी खिडक्या गळतात आणि फोम कुजतो.

आपल्या सिलिंडरातला गॅस हे प्रोपेन आणि ब्यूटेनचे मिश्रण. प्रोपेन उणे ४२ अंशांवर उकळतो, ब्यूटेन शून्याच्या किंचित खाली. त्यातला प्रोपेन आधी उडून जातो, म्हणून भरलेला सिलिंडर पहाटे जोरात चालतो आणि निम्मा झालेला थंडीत मलूल पडतो. सिलिंडर संपलेला नसतो. त्यावर गरम पाणी ओतू नये, शेजारी हीटर ठेवू नये. त्याऐवजी हीटर मंद करावा. सिलिंडर उभाच ठेवायचा. आडवा पडला तर रेग्युलेटरमध्ये द्रव गॅस शिरतो. भाड्याच्या गाडीत १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर वापरणे नियमात बसत नाही, तिथे ५ किलोचा फ्री ट्रेड (कनेक्शनशिवाय मिळणारा) सिलिंडर घ्यावा. दोन किलोवॉटचा हीटर अर्धा वेळ चालला, तर आठ तासांत पाऊण किलोच्या आत गॅस जातो. ५ किलोत सहा-सात रात्री निघतात.

गॅस हवेपेक्षा जड असल्याने तो तळाला साचतो. सिलिंडरचा कप्पा आतल्या बाजूने सीलबंद आणि त्याच्या तळाला थेट बाहेर उघडणारे भोक हवे. ते भोक चिखलाने बुजले की कप्पा बाँबच. गॅसचा डिटेक्टर जमिनीलगत लावायचा. कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा असतो, तो झोपताना जिथे डोके असते त्या उंचीवर. घाट चढताना सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद.

आयात हीटर घेताना दाब पाहावा. आपला घरगुती रेग्युलेटर सुमारे ३० मिलिबार देतो आणि आजची युरोपीय उपकरणेही तेवढ्याच दाबाची. जुनी जर्मन उपकरणे ५० मिलिबारची असतात. ती आपल्या रेग्युलेटरवर मिणमिणतात आणि मग कोणीतरी जेट, म्हणजे गॅस सोडणारे बारीक छिद्र, कोरून मोठा करतो. हा उद्योग करू नये.

हीटर पेटत नाही, ही तक्रार बहुधा तीन कारणांनी येते. सिलिंडर बदलल्यावर नळीत हवा राहते, हीटर काही प्रयत्न करून लॉक होतो. आधी शेगडी पेटवून हवा घालवा, मग तो रिसेट करा. बॅटरी उतरली असेल तर पंखा पुरेसा फिरत नाही आणि हीटर मुद्दामच गॅस सोडत नाही. तिसरे कारण पावसाळ्यानंतर हमखास सापडते : चार महिने उभ्या गाडीच्या धुराच्या नळीत कुंभारमाशीने मातीचे घर केलेले असते. ऑक्टोबरमध्ये ती नळी तारेने साफ करून तोंडाला बारीक जाळी आहे का ते पाहावे, पण जाळी उत्पादकाचीच हवी. घरची मच्छरदाणी कापून लावली तर धूरच कोंडतो.

कॅराव्हॅन पार्क आणि कृषी पर्यटन केंद्र चालवणाऱ्यांना एकच विनंती. गाडी उभी राहते तिथून दहा मीटरच्या आत, पावसापासून झाकलेला, अर्थिंग तपासलेला आणि स्वतंत्र एमसीबी-आरसीसीबी असलेला १६ अँपिअरचा एक पॉइंट द्या. आठ युनिटचे पैसे वेगळे लावा, कोणी नाही म्हणणार नाही. मग बहुतेक गाड्यांना रात्री गॅसला हात लावायचीही गरज पडणार नाही.

कळावे,
कॅराव्हॅन बांधणी व वायरिंग करणारे काही वाचक, वाई (जि. सातारा)