संगीत नाटकाला एक सत्र पुरत नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी उलटली की गावोगावच्या हौशी नाट्यसंस्थांचे हंगामाचे फलक लागतात. दोन गद्य नाटके, मुलांचे एक नाटक, एखादी एकांकिकांची संध्याकाळ आणि तळाशी ठळक अक्षरांत एक संगीत नाटक. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’ या संगीत नाटकाचा पहिला प्रयोग झाला. तिथून सुरू झालेली ही वाट आज बरीचशी नोकरीधंदा सांभाळून तालमी करणाऱ्यांनीच चालती ठेवली आहे, त्यामुळे फलकाचे स्वागतच आहे. घोळ असतो तो या सगळ्या नाटकांना सारखे एकेक सत्र, म्हणजे नाट्यगृह भाड्याने मिळण्याची एकेक ठरलेली वेळ, वाटून देण्यात.

नाट्यगृहाचे सत्र साधारण साडेचार तासांचे, म्हणजे २७० मिनिटांचे. मध्यंतर धरून तीन तासांचे नाटक केले तर उरतात ९०. त्यात टेम्पोतून सामान उतरवून फ्लॅट (नेपथ्याच्या उभ्या चौकटी) आणि लेव्हल (चौथरे) उभ्या करायला तासभर, दिव्यांचे फोकसिंग पाऊण तास, ध्वनीची चाचणी अर्धा तास आणि शेवटी सगळे सोडवून रंगमंच मोकळा करायला अर्धा तास. बेरीज १६५. सव्वा तासाची तूट इथेच पडली. ‘सगळे एकदम सुरू करू’ म्हणून ती भरून निघत नाही. नेपथ्य उभे राहिल्याशिवाय दिवा कुठे पाडायचा ते ठरत नाही, आणि हातोडे चालू असताना मायक्रोफोनची पातळी लावता येत नाही. गद्य नाटकात ध्वनीची चाचणी पाच मिनिटांत उरकता येते, म्हणून तिथे ही तूट तरी कमी पडते.

रंगभूषेचा हिशेब तर कुणी मांडतच नाही. पौराणिक नाटकात दहा पात्रे आणि रंगभूषाकार एक असेल, तर माणशी २० मिनिटे धरून २०० मिनिटे होतात. रंगपटाची, म्हणजे रंगभूषेच्या खोलीची, किल्ली मात्र सत्र सुरू होताना मिळते. मग पडदा उशिरा उघडतो आणि प्रेक्षक हौशी मंडळींच्या शिस्तीला नावे ठेवतात.

वेळेची दुसरी गळती पदांमध्ये, म्हणजे नाटकातल्या गाण्यांमध्ये, आहे. ‘सौभद्र’सारख्या नाटकात मुळात शंभराहून अधिक पदे. आज कुणी ती सगळी घेत नाही, कात्री लावून वीस-बावीसवर आणतात. तालमीत पद तीन मिनिटांत संपते, कारण गायक-नट आवाज राखून मुखडा आणि अंतरा म्हणतो. प्रयोगात समोर माणसे असतात, आलापी वाढते, ताना येतात आणि तेच पद पाच मिनिटांवर जाते. २२ पदांना दोन-दोन मिनिटे म्हणजे ४४ मिनिटे, वन्समोअर वेगळे. संपादन करताना संहितेची पाने मोजण्यात अर्थ नाही. पद पूर्ण गाऊन घ्या, घड्याळ लावा, आणि येणाऱ्या आकड्यात आणखी दहा टक्के मिळवा. एवढे करूनही शेवटचा अंक घाईत गुंडाळावा लागत असेल, तर दोन पदे गाळलेली बरी. गवयाची मनधरणी करावी लागेल, ती करावी.

कोण कोणत्या सुरातून गाणार ते सांगणारा पट्टीचा तक्ता पहिल्या वाचनालाच हवा. काळी एकमध्ये (पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) गाणारा नायक आणि काळी चारमध्ये गाणारी नायिका यांची पदे लागोपाठ असली, तर तबलजीला वाद्य बदलायला मधले संवादच काय ते मिळतात. एकच तबला ठोकून स्वर-दीड स्वरापलीकडे नेला तर पुडी (वरचे चामडे) फाटते, नाहीतर आस (नादाची गुंज) मरते. म्हणून निरनिराळ्या मापांच्या तोंडांचे निदान तीन तबले आधीपासून लावून ठेवावे लागतात. दमट हवेत पुडी उतरते, दिव्याच्या झोताखाली चढते. तेव्हा तबले जिथे बसून वाजवायचे तिथेच, दिवे आणि वातानुकूलन चालू करून, लावायला हवेत. याला अर्धा तास लागतोच. युगुलगीताची पट्टी शेवटच्या आठवड्यात ठरवणाऱ्यांबद्दल न बोललेले बरे.

ऑर्गन आणि तबला रंगमंचापुढे खाली बसवला, आणि गायक मागच्या लेव्हलवर उभा असला, की दोघांत सहज दहा मीटरचे अंतर पडते. तेवढ्या अंतरात आवाजाला साधारण ३० मिलिसेकंद लागतात. ठाय (संथ) लयीत ते जाणवत नाही, पण द्रुत (जलद) तानेत गायक मागे पडतो आणि समीक्षक ‘लयीत कच्चा’ लिहून मोकळे होतात. उपाय साधा आहे. विंगेत गायकाकडे तोंड करून एक छोटा मॉनिटर (स्पीकर) ठेवायचा आणि त्यात फक्त ऑर्गन व तबला सोडायचा. तोच मॉनिटर खालच्या मायक्रोफोनकडे वळला, की शिट्टी ठरलेली. लेव्हल पोकळ असतात, त्यांवर सतरंजी किंवा तरट अंथरले नाही तर नायिकेच्या प्रवेशाआधी तिची पावले सभागृहभर घुमतात. हे दोष रिकाम्या रंगमंचावर एकदा पूर्ण रंगीत तालीम केली तरच सापडतात. शाळेच्या वर्गात महिनाभर केलेल्या तालमीत ते दिसत नाहीत.

ज्या गावात नाट्यगृहच नाही तिथे शाळेचे सभागृह घेतात. तिथल्या १५ अँपिअरच्या प्लगवर एक किलोवॉटचे तीन दिवे चालतात, चौथा लावला की ऐन भरात अंधार. दिवे वेगवेगळ्या जोडण्यांवर विभागावेत आणि ऑर्गनऐवजी विजेवरचा कीबोर्ड असेल तर तो दिव्यांच्या जोडणीवर मुळीच लावू नये. एक दिवा मालवल्याने पद थांबत नाही, सूर गेला की थांबते.

परवानग्यांबद्दल थोडक्यात. नव्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते, त्यासाठी प्रत वेळेत पाठवावी. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. देवल, खाडिलकर, गडकरी या नाटककारांची मुदत केव्हाच संपली, १९६४ साली वारलेल्या मामा वरेरकरांची १ जानेवारी २०२५ पासून. मात्र संगीतकाराचा हक्क वेगळा मोजतात, नाटक मोकळे असले तरी नव्याने बांधलेली चाल मोकळी नसू शकते. हौशी संस्थेने विनामूल्य प्रयोग केला तर कायद्यात सूट आहे. पण ‘देणगी प्रवेशिका’ हे आमच्या मते तिकीटच. लेखकाच्या वारसांना आधी पत्र लिहावे.

आता नाट्यगृहे चालवणाऱ्या नगरपालिका आणि महापालिकांकडे मागणी. संगीत नाटकाचे सत्र नोंदवणाऱ्या हौशी संस्थेला लगतचे आधीचे सत्र तालमीच्या दराने, निम्म्या भाड्यात द्यावे. तबले लावायचा अर्धा तास सोडला तर वातानुकूलन बंद आणि प्रेक्षागृहातले दिवे मालवलेले चालतील, रंगमंचावर कामापुरता उजेड आणि ध्वनियंत्रणा पुरे. रंगपट सत्राच्या दोन तास आधी उघडावा, त्याला फक्त पहारेकऱ्याची वेळ बदलावी लागते. आणि नोंदणीच्या अर्जात ‘गद्य की संगीत’ असा एक रकाना घालावा, म्हणजे तारखा वाटतानाच दोन सत्रे जोडून ठेवता येतील. आठवड्याच्या मधल्या दुपारी पडदा बंदच असतो अशी नाट्यगृहे कमी नाहीत.

संस्थांनीही फलक छापण्याआधी ही जोडसत्रे मिळतात का ते पाहावे. नसतील मिळत, तर यंदा संगीत नाटकाऐवजी नाट्यपदांची मैफल जाहीर करावी. तिला नेपथ्य लागत नाही आणि ती एका सत्रात आरामात बसते.

आपले,
हौशी रंगभूमीवर पडद्यामागे काम करणारे काही कार्यकर्ते, सांगली