सूचना : माती परीक्षणासाठी नमुने आणण्याबाबत

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, माती परीक्षणाचे नमुने येत्या रविवारी सकाळी नेहमीच्या बैठकीच्या जागी स्वीकारले जातील. निफाडकडची खोल काळी जमीन आणि इगतपुरी-त्र्यंबकेश्वरकडची जास्त पावसाची तांबूस, आम्लधर्मी जमीन यांना एकच खतमात्रा लागू पडत नाही. त्यामुळे शेजाऱ्याचा अहवाल पाहून खते टाकण्याची सवय, जी आपल्यापैकी बऱ्याच जणांना आहे, ती आता सोडावी.

नमुना घेताना शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी सुमारे 20 सेंमी खोल, ‘व्ही’ आकाराचे खड्डे घेऊन त्यांच्या कडेची माती एकत्र करावी, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत आणि अर्धा किलो माती उरेपर्यंत हेच करून ती सावलीत वाळवावी. बांध, झाडाखालची जागा व उकिरडा टाळावा. खताच्या रिकाम्या गोणीतून आणलेला नमुना घेतला जाणार नाही.

द्राक्षबागेत कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडत असेल, तर चुनखडीमुळे वेलीला लोह मिळत नसण्याची शक्यता असते. अशा सभासदांनी सामूबरोबर (पीएच, म्हणजे जमिनीचा आम्ल-विम्लपणा) मुक्त चुन्याचीही तपासणी मागावी. पिशवीत गट क्रमांक व मागील पिकाची चिठ्ठी असावी.