भाईकाकाची वही

चि. बायस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर विचारलंस, "बाबा, वास्कोचा सप्ताह कसा झाला?" आणि मी "झाला" म्हणून फोन आईच्या हातात दिला. राग मानू नकोस. बोलायला लागलो असतो तर गळा दाटला असता, आणि शेजारी तुझी आत्या बसली होती.

भाईकाका गेला तो आषाढातला दिवस. सकाळपासून कोसळत होता. बातमी कळली तशी बाजारातली शटरं आपोआप खाली आली, कुणी सांगायला गेलं नाही. खारीवाड्यावरचे ट्रॉलरवाले ओल्या शर्टांनी तसेच आले. त्यांचे दोर, रंग, खिळे, कुलपं सगळं त्याच्याच दुकानातलं. पाव द्यायला रोज दारात सायकल उभी करणारा पदेर स्मशानाच्या फाटकाशी छत्री मिटून उभा होता. शोकसभा मात्र मला सहन झाली नाही. 'दानशूर' काय, 'समाजभूषण' काय! अगं, भाई आणि दानशूर? दोन रुपये कमी कर म्हटलं तर तो गिऱ्हाइकाकडे असा बघायचा की जणू त्याची किडनी मागितली.

मला विचार ना. आपल्या घराचं काम चाललं होतं तेव्हा रंगाचे डबे उधार मागितले. बँकेचा हप्ता अडकला होता. सगळ्यांसमोर म्हणाला, "दुकानात उधारी नाही." झालं, मी वर्षभर त्याच्याशी बोललो नाही. मग एका रात्री आजीला श्वास लागला. ॲम्ब्युलन्स दुसरीकडे गेलेली. वाड्यातून कुणीतरी त्याला फोन केला आणि दहा मिनिटांत त्याची ती जुनी व्हॅन दाराशी. चिखलीच्या इस्पितळातून बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तेव्हा झुवारीवर जुनाच पूल. पुलाच्या तोंडाशी ट्रकांची रांग, मागे आजीचा घरघर श्वास, आणि हा माणूस स्टिअरिंगवर बोटं वाजवत मला रंगाचे भाव सांगतोय. प्रायमर किती चढलं, थिनर किती चढलं. पहाटेपर्यंत बांबोळीत माझ्याबरोबर बाकावर बसला. उधारीचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. डिझेलचे पैसे दिले तर मोजून घेतले आणि सुटे परत केले.

सप्ताहातलं त्याचं काम तुला ठाऊकच आहे. चोवीस तास भजन खंडायचं नाही. संध्याकाळी पार, म्हणजे भजनाच्या मिरवणुका, निघतात, गायकांच्या बैठका होतात, तेव्हा माणसांना तोटा नसतो. फेरीच्या बाजारातलं खाजं खाऊन, पाळण्यात बसून पोरंसुद्धा दामोदराच्या देवळात डोकावतात. खरी पंचाईत पहाटे तीनला. पखवाजवाल्याचे डोळे मिटतात, झांजा हळू होतात. ती पाळी भाईची. आवाज कसला, फुटका पत्रा! अभंगाचा सूर त्याला उभ्या जन्मात सापडला नाही. एकदा मी म्हटलं, अरे, निदान हळू तरी म्हण. तर म्हणाला, प्लेगात माणसं पटापट मरत होती म्हणून आपल्या म्हाताऱ्यांनी जांबावलीच्या दामोदराकडून नारळ आणला, ते काय पहाटे तीनला झोपायला?

यंदा पावणेतीनला मीच उठून गेलो. चौघेच होते. आवाज माझा बरा आहे हे तुला माहीत आहे, सूरही लागला. पण इतकं सुरेल भजन त्या वेळेला ऐकायची सवय कुणालाच नव्हती. पखवाजवाला पोरगा दोनदा मान वर करून माझ्याकडे बघून गेला. दुसऱ्या दिवशी गेल्या वर्षीचा नारळ समुद्रात सोडला तेव्हा मी लांबच उभा राहिलो.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. त्याच्या दुकानातल्या कपाटात, बिलबुकांच्या मागे, एक लांबट वही होती. रक्तदात्यांची. नाव, गट, नंबर, शेवटचं रक्त कधी दिलं. लँडलाइनचे नंबर खोडून वर मोबाइलचे लिहिलेले, त्यावर रंगाचे डाग. 'ओ निगेटिव्ह' तेवढं तांबड्या शाईत. पुरुषांपुढे तीन महिने, बायकांपुढे चार महिने मोजून पुढची तारीख घातलेली. त्याआधी कुणी उत्साहाने आलं तर हाकलून द्यायचा. त्याच्या मुलाने ती वही माझ्या हातात ठेवली. "काका, मला रात्रीचे फोन जमणार नाहीत," म्हणाला. खरं बोलला, बरं वाटलं.

तुझं नाव आहे त्यात. तुझ्या अठराव्या वाढदिवशी सकाळी साडेसातला पहिला फोन त्याचाच आला होता, आठवतं? हॅपी बर्थडे राहिलं बाजूला, "वजन कितलें गो तुजें?" तू त्रेचाळीस म्हणालीस तर म्हणाला, पंचेचाळीस झालं की ये. नावापुढे पेन्सिलीने '४३' लिहिलंय, ते अजून तसंच आहे. नंतर तू दोनदा देऊन आलीस, त्या तारखा मात्र शाईने.

गेल्या आठवड्यात मी एकेक नंबर लावून बघितला. चौघे वारले, सहाजण परदेशी, बरेच नंबर बंद. तुझ्यापुढे तू कॉलेजात असतानाचाच आहे. तर पुण्याचा नवा नंबर मी स्वतः लिहितो, पण चतुर्थीला येशील तेव्हा किती दिवस राहणार ते आधी कळव. शेवटचं रक्त तिथे कधी दिलंस तेही. आणि वजन. खोटं सांगू नकोस, आई म्हणते तू बारीक झालीस.

तुझे
बाबा