बाबा, ती हिरवी गोळी तूर्तास बंद

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, पोटऱ्या वळतात म्हणून मेडिकलवाल्याकडून ‘व्हिटॅमिन ई’च्या हिरव्या गोळ्यांचं पाकीट आणलं, हे तुम्ही बोलता बोलता सांगून गेलात. फोनवर तुम्ही ‘हो हो’ म्हणून आईकडे देता, म्हणून लिहून पाठवतो.

तुम्हाला रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. व्हिटॅमिन ई जास्त मात्रेत पोटात गेलं की तेही रक्त लवकर गोठू देत नाही. दोन्ही मिळून रक्तस्रावाची भीती. म्हणून डॉक्टरांना विचारेपर्यंत ही हिरवी गोळी बंद. हिरवीच बरं का! रक्त पातळ ठेवायची गोळी एक दिवसही चुकवू नका. हिरड्यांतून रक्त आलं किंवा शौचाला काळी झाली, तर बाजाराच्या दिवसाची वाट न पाहता तालुक्याला दाखवा.

पाकिटावरचा ४०० चा आकडा म्हणजे ४०० युनिट, युनिट हे जीवनसत्त्वाची ताकद मोजायचं माप. मोठ्या माणसाला दिवसाला १५ मिलिग्रॅम पुरतं, त्या एका गोळीत निदान १८० असतं. ताकदीची गोळी कुठं बाधते, म्हणाल. अमेरिकेत ३५ हजारांवर पुरुषांचा अभ्यास झाला. रोज ४०० युनिट घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या लघवीच्या पिशवीखालच्या ग्रंथीचा, कॅन्सर १७ टक्के जास्त निघाला, २०११ साली ते छापून आलं.

आणि आपल्या घरात व्हिटॅमिन ई कमी आहे कुठं? करडीच्या तेलाच्या एका मोठ्या चमच्यात साडेचार मिलिग्रॅमच्या वर, सूर्यफुलाच्या तेलात साडेपाचच्या वर. मूठभर शेंगदाण्यात दोनेक. सरकीचं तेलही यात मागे नाही, आपण मात्र कापूस विकून मोकळे होतो. पालकाच्या भाजीतही असतं, फोडणीच्या तेलासोबत ते अंगी लागतं. आई, म्हणून तेलाची धार वाढवू नकोस. फक्त पुऱ्या तळलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवू नको, आणि तेलाचा डबा चुलीजवळून हलव. उष्णतेनं नि उजेडानं हे सत्त्व जातं.

पोटऱ्यांचं कारण वेगळंच असेल, ते डॉक्टरांनाच पाहू द्या. जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला, नावं पाठ म्हणून दाखवू नका.

आई, उरलेल्या गोळ्या फोडून तू भेगाळलेल्या टाचांना लावशीलच. लाव, खाज सुटली तर धुऊन टाक. पाकीट तेवढं बाबांच्या हाती लागू देऊ नकोस.

तुमचा,
बंडू