पाना माझ्या हातात देणाऱ्या काकांस

तीर्थस्वरूप काका,
सादर नमस्कार.

समोर येऊन आभार मानू लागले की तुम्ही विषय बदलता आणि आधी चहा घे म्हणता, म्हणून शेवटी हे पत्र लिहायला बसले. ते आपल्या सोसायटीतल्या सगळ्यांना वाचता यावे अशी माझी इच्छा आहे. जानेवारीतल्या त्या दोन रविवारी पार्किंगमध्ये आपण काय करत होतो, हे अनेकांनी मला विचारले आणि जिन्यात उभ्या उभ्या मला कोणालाच ते नीट सांगता आले नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये आईकडे जाताना, भोरच्या पुढे एका अरुंद मोरीवर समोरून येणाऱ्या एसटीला वाट देण्यासाठी मी गाडी डावीकडे घेतली आणि मागच्या डाव्या चाकावरची काळी पट्टी कठड्याला घासून मधोमध तडकली. घाईत एका गॅरेजमध्ये ती बसवून घेतली, तेव्हा तिथल्या माणसाने पट्टीवरून थेट पत्र्यात चार भोके पाडून स्क्रू पिळले. मला ते पक्के काम वाटले होते. तुम्ही मात्र एका संध्याकाळी फेरी मारताना गाडीपाशी थांबलात, त्या चार स्क्रूंच्या टोप्यांखालून उतरलेले तांबूस ओघळ बोटाने दाखवलेत आणि एवढेच विचारलेत, "ही पट्टी काढून आत कधी पाहिलेस का?"

नवी पट्टी आणायला नाना पेठेत जाण्यापूर्वी तुम्ही मला गाडीचा सतरा अक्षरी चासिस क्रमांक लिहून न्यायला सांगितलात, ते किती गरजेचे होते हे मला दुकानात कळले. एकाच नावाच्या गाडीचे रूप मध्येच बदलले की चाकावरच्या कमानीचा बाक आणि पट्टी धरणाऱ्या क्लिपांच्या जागा किंचित बदलतात, आणि दुकानदाराने आधी पुढे केलेली पट्टी दिसायला अगदी सारखी असूनही माझ्या गाडीची नव्हती. क्लिपा मोजून लागतील तेवढ्याच न घेता दहा जास्त घे, कारण जुन्या क्लिपा काढताना त्यांचे कान तुटतात आणि त्या पुन्हा धरत नाहीत, हेही तुमचेच सांगणे.

पहिल्या रविवारी मला वाटले होते की जुनी पट्टी उपटायची आणि नवी दाबून बसवायची, म्हणजे तासाभरात काम होईल. तुम्ही आधी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावायला लावलेत, गाडी जॅकवर उचलल्यावर खाली लोखंडी स्टँड दिलात आणि स्टँडवर वजन आल्याची खात्री होईपर्यंत मला चाकाच्या कमानीत हात घालू दिला नाहीत. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो, हे तुम्ही ज्या गंभीरपणे सांगितलेत त्यावरून पिंपरीच्या कारखान्यात तुम्ही काढलेली वर्षे कशी गेली असतील याची मला थोडी कल्पना आली. चाक काढल्यावर आतल्या प्लॅस्टिकच्या अस्तराचे स्क्रू सोडवले, ते अस्तर थोडे बाजूला सारले, आणि मग कुठे पट्टीच्या क्लिपा आतून दिसल्या. बाहेरून खेचल्या असत्या तर रंगही सोलला असता. जिथे पट्टी दुहेरी टेपने चिकटली होती तिथे केस वाळवण्याच्या यंत्राने ऊब देऊन, मागून गळाची नायलॉन दोरी करवतीसारखी मागेपुढे ओढायची युक्ती तुम्ही दाखवलीत. टेप अशी कापली गेली की रंगावर चरासुद्धा उठला नाही.

पट्टी निघाली आणि आत मुठीएवढी ओली माती निघाली. पाऊस संपून तीन महिने झाले होते, पण दर आठवड्याला गाडी धुताना पाणी आत जात होते आणि ती माती ते धरून ठेवत होती. त्या चारही भोकांभोवती पत्रा रुपयाच्या नाण्याएवढा गंजला होता. भोक पाडताना उघडा पडलेला पत्रा तसाच ठेवला की गंज तिथून रंगाखाली सरकतो आणि वरून बराच काळ काही दिसत नाही, हे तुम्ही रंगाचा फुगलेला पापुद्रा नखाने उचलून दाखवलेत. तुम्ही म्हणालात, "आज नवी पट्टी बसणार नाही." मला दुसऱ्या दिवशी आईकडे जायचे होते, मी नाराज झाले आणि ती नाराजी माझ्या तोंडावर तुम्हाला दिसलीही असेल. त्याबद्दल इथे मनापासून क्षमा मागते. त्या दिवशी मी नवी पट्टी वरून लावली असती, तर तो गंज मी माझ्या हातांनी झाकून ठेवला असता.

त्या आठवड्यातल्या संध्याकाळी मी कामावरून आले की तुम्ही खाली येत होतात. आधी जाड आणि मग बारीक पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासणे, गंजरोधक द्रावण, प्रायमर, मग रंगाचे दोन हात, आणि प्रत्येक थरानंतर नुसते थांबणे. भोके रबरी बुचांनी आणि सीलंटने बंद केली. या कामात सांगण्यासारखे फार नाही, पण सर्वांत जास्त वेळ यालाच लागला.

दुसऱ्या रविवारी मी सकाळी सातलाच तयार होते आणि तुम्ही अकरापर्यंत थांबायला सांगितलेत, कारण पहाटेच्या गारठ्यात पत्रा थंड असताना टेपचा गोंद पृष्ठभागावर नीट पसरत नाही. त्या मधल्या वेळात मी एक चूक केली. नवी पट्टी छान दिसावी म्हणून तिला टायरला लावायचे चकाकीचे पॉलिश पुसले. तुम्ही रागावला नाहीत. त्या पॉलिशमध्ये सिलिकोन असते आणि त्यावर कुठलीही टेप टिकत नाही, मुळात ही पट्टी ज्या पॉलिप्रोपिलीन नावाच्या प्लॅस्टिकची असते त्यालाच काही चिकटायला नको असते, म्हणून तर कारखान्यातून येताना तिच्यावर टेप आधीच लावलेली असते, असे समजावून तुम्ही मला पट्टीच्या कडा आणि गाडीचा पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मे-निम्मे घेऊन स्वच्छ फडक्याने पुसायला लावलेत. घासलेट किंवा पेट्रोल वापरू नये, त्यांचा तेलकट थर मागे राहतो, हेही त्याच वेळी समजले.

टेपवरचा लाल कागद आधी पूर्ण न काढता त्याची टोके तेवढी बाहेर वळवून मास्किंग टेपने धरून ठेवायची, पट्टी क्लिपांवर अलगद टेकवून जागा पाहायची आणि सगळे जुळले की मगच ती टोके ओढून कागद काढायचा, ही तुमची पद्धत मला फार आवडली. मागच्या दाराच्या कडेला किती फट सोडायची हे तुम्ही उजव्या बाजूला लग्नपत्रिकेचे पुठ्ठे सरकवून मोजलेत. तिथे दोन पत्रिका बसल्या, म्हणून डावीकडेही दोन बसेपर्यंत आपण पट्टी सरकवत राहिलो. आता दार उघडताना कुठेही घासत नाही.

पट्टीची भोके लंबगोल का, हे मी विचारले तेव्हा तुम्ही काम थांबवून जमिनीवर खडूने हिशेब मांडलात. जानेवारीची पहाट आणि मे महिन्यातल्या उन्हात तापलेले काळे प्लॅस्टिक यांत ५० अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्यात एक मीटरची पट्टी चार-पाच मिलिमीटर वाढू शकते आणि पत्रा जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर वाढतो. स्क्रू करकचून आवळला की पट्टीला सरकायला जागा उरत नाही आणि ती कमानीवर फुगते किंवा तडकते. हे ऐकल्यावर मला त्या गॅरेजमधल्या चार स्क्रूंचा दोष पुरता कळला.

काका, पट्टी बसवण्याचे हे काम तुम्ही एकट्याने झटक्यात उरकले असते. माझी पहिली क्लिप तिरकी बसून तुटली तेव्हा तुमचा हात पुढे आलेला मी पाहिला, आणि तो तुम्ही पाठीमागे नेऊन दुसऱ्या हाताने धरून ठेवलात, तेही मी पाहिले. नवी क्लिप माझ्या तळहातावर ठेवून तुम्ही म्हणालात, "आवाज ऐक. बसली की टक् होते." त्यानंतरच्या अकराही क्लिपा मी आवाज ऐकत बसवल्या. शेवटी चाक चढवताना नट एकाआड एक आवळायचे हे सांगून तुम्ही पाना माझ्या हातात दिलात आणि दोन पावले मागे जाऊन उभे राहिलात. मला आजवर अनेकांनी मदत केली आहे, परंतु माझ्या हातून काम होईपर्यंत इतक्या शांतपणे थांबून राहणारे माणूस मला फारसे भेटलेले नाही. माझे आभार मुख्यतः त्या दोन पावलांसाठी आहेत.

टेपला पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात म्हणून गाडी तीन दिवस धुतली नाही आणि चौथ्या दिवशी भोरला जाऊन आले. पट्टी जागची हललेली नाही. आईने तुमच्यासाठी आंबेमोहोर दिला आहे, तो संध्याकाळी वर आणून देते, आणि उरलेल्या नऊ क्लिपा एका डबीत भरून ठेवल्या आहेत. पाऊस सुरू होण्याआधी, मे महिन्यातल्या एखाद्या रविवारी, उजव्या बाजूची पट्टी काढून आत काय आहे ते पाहायचे ठरवले आहे. त्या दिवशी तुम्ही फक्त खाली येऊन बसावे एवढी विनंती आहे. खुर्ची मी सावलीत मांडून ठेवीन.

आपली नम्र,
पहिल्या मजल्यावरची शेजारीण